मदतीचा आकडा

६ फेब्रुवारी

ती. दादास,

पाया पडते असं लिहिणार होते, पण तू लगेच म्हणशील, "कुणाच्या पाया पडतेस, ते कामातून गेलेत." म्हणून नुसता नमस्कार.

सूट पोचला असेल. कमरेला पट्टा, मांड्यांना आणि पोटऱ्यांना पकडी, चार मोटारी. तू पाय उचलायला गेलास की तो ते ओळखतो आणि तुझं जेवढं कमी पडतं तेवढा जोर स्वतः लावतो. पट्ट्यावर छोटा पडदा आहे, त्यावर एक आकडा दिसेल. तो मदतीचा आकडा. आज तुझा बासष्ट आहे, म्हणजे शंभरातलं बासष्ट काम सूट करतो आणि अडतीस तू. पाय सुधारतील तसा आकडा खाली येईल.

आमच्याकडे पद्धत आहे, ज्यानं जुळणी केली त्यानं आधी स्वतः तासभर घालून फिरायचं. तुझ्या मापाचा पट्टा मला दोनदा गुंडाळावा लागला. सगळा विभाग हसत होता.

पट्ट्याच्या डब्यात नखाएवढं कार्ड आहे. तू किती चाललास, कुठे अडखळलास, सगळं त्यात नोंदलं जातं. दर पंधरा दिवसांनी ते काढून सोबतच्या पाकिटातून पाठव. मी त्याच्या जागी नवं पाठवीन. सूटच्या चाचणीतल्या लोकांची माहिती इंटरनेटवरून मागवायची नाही असा कंपनीचा नियम आहे. पाकीट येणारच आहे तर त्यात चार ओळी लिही. फोनवर तू "बरा आहे" म्हणतोस आणि वहिनींच्या हातात फोन देतोस. खांबावरून पडल्याला सव्वा वर्ष झालं, तेव्हापासून तू माझ्याशी सलग पाच वाक्यं बोललेला नाहीस.

सूट काढलास की वॉकर धरल्याशिवाय उभं राहायचं नाही. हे वहिनींनाही बजावलंय.

बारकी

२३ फेब्रुवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

पाहुणा पोचला. तुझ्या वहिनीनं त्याचं नाव जावई ठेवलंय. रोज पुसायचं, वेळेवर चार्जिंगला लावायचं, त्याला वेगळी खुर्ची, आणि एवढं करून चालताना त्याची कुरकुर आहेच.

पहिल्या दिवशी पाय माझे नव्हतेच, कुणीतरी मला चालवून आणत होतं. आता गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. तिथला सायकल दुरुस्तीवाला रोज विचारतो, "ॲव्हरेज किती देतो?" मी सांगतो, "बासष्ट." तो म्हणतो, "वा, चांगला आहे."

परवा साहेब घरी आले होते. ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायची एक खुर्ची माझ्यासाठी जूनअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. ती घ्यायची, नाही तर शिडीची चाचणी द्यायची. सगळ्या लाइनमनना दर वर्षी द्यावी लागते तीच, दहा पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. अंगावर सूट चालणार नाही. जमलं तर पुन्हा गाडीबरोबर लाइनवर. पण चाचणी मागायची तर खुर्चीवरचा हक्क सोडला असं आधी लेखी द्यावं लागतं.

बावीस वर्षं मी लोकांकडे वरून बघितलं. आता खाली बसून त्यांच्या "लाइट कधी येणार?"ला "बघतो" म्हणत राहायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. ठरवलंय, आकडा वीसवर आला की चाचणी मागायची. तू शाळेत गणितात पुढे होतीस, तर सांग, बासष्टवरून वीसवर यायला किती दिवस?

दादा

९ एप्रिल

बारकीताई,

हे पत्र मी कामावर, औषधांच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना लिहिते आहे. तुझ्या दादाला माहीत नाही आणि कळू देऊ नकोस.

दोन महिने झाले, आकडा बासष्ट. कधी एकसष्ट होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा बासष्ट. ते सकाळी उठले की आधी पडदा बघतात. मग चहा तसाच राहतो. आठ दिवसांपासून सूट खुर्चीवर बसलाय आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. तुला पाठवलेल्या चिठ्ठीत "रोज फिरतो" लिहिलंय ना? कार्डात तुला खरं दिसलंच असेल. काल मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "मला खायला घालून काय उपयोग? अडतीसच आहे मी."

मला तुमच्या मशीनमधलं कळत नाही. पण आकडा थोडा कमी दाखवता येत नाही का? औषधाच्या गोळीवर साखरेचा लेप असतो, तेवढंच. माणूस उठून चालायला लागला की आकडा आपोआप खरा होईल. तू शिकलेली आहेस, तूच बघ.

वहिनी

१५ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. असं करायचं नसतं. घालणाऱ्याला खरा आकडा दिसलाच पाहिजे, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी तोच शिकवतात.

मग कार्ड उघडून बघितलं. आठ दिवस एक पाऊलही नाही.

प्रदर्शनांसाठी आम्ही सूटमध्ये एक सोय ठेवली आहे. पडद्यावर हवा तो आकडा टाकता येतो, म्हणजे लोकांना समजावून सांगायला बरं पडतं. मोटारींवर काही परिणाम होत नाही, मदत जेवढी लागते तेवढीच मिळते. सोबतच्या कार्डात मी ते करून पाठवते आहे. पडद्यावर पन्नास दिसेल. एकदाच, आणि तेही फक्त त्यानं उठावं म्हणून. पाय चालायला लागले की मी गुपचूप खऱ्यावर आणीन.

हे पत्र फाडून टाका.

बारकी

२ मे

चि. बारकीस,

पन्नास! तुझ्या वहिनीला तीनदा वाचायला लावला. ती नुसती "हो हो" करत राहिली, डोळ्यांत पाणी. बायकांचं काही कळत नाही.

आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जातो. सायकलवाल्याच्या पुढे शाळेचं फाटक, तिथपर्यंत. तिथला वॉचमन मला खुर्ची द्यायला उठला. म्हटलं, बसा हो, अर्धा माणूस झालोय आता, पूर्ण झालो की बसू दोघं.

एक विचारायचं होतं. सूट काढल्यावर पाय अजून तितकेच जड वाटतात. निम्मं काम माझं आहे तर थोडे तरी हलके वाटायला हवेत ना? माझंच काही चुकतंय का?

दादा

८ मे

ती. दादास,

तुझं काहीही चुकत नाही. दिवसभर चालल्यावर स्नायू दमतात, म्हणून काढल्यावर जड वाटतं. बऱ्याच जणांना तसं होतं. त्याच्याकडे फार लक्ष देऊ नकोस.

नवं कार्ड सोबत आहे. या वेळी आकडा एक्केचाळीसच्या आसपास दिसायला हवा.

जेवण वेळेवर कर. इकडे कामाचा ढीग आहे, म्हणून एवढंच.

बारकी

२० मे

बारकीताई,

खऱ्यावर आणायचं म्हणून तू चिठ्ठी पाठवलीस ती मिळाली. हात जोडते, आत्ता नको. काल त्यांनी स्वतः उभं राहून दाढी केली, शीळ वाजवत. दीड वर्षानंतर मी घरात शीळ ऐकली. आता एकदम आकडा साठ दिसला तर हा माणूस पुन्हा उठणार नाही. आणि एक्केचाळीसवरच अडकवून ठेवलास तरी तेच होईल. हळूहळू खाली येऊ दे. पुढचं पुढे बघू.

माझीही झोप गेली आहे, असं समजू नकोस की मी मजेत आहे.

वहिनी

१२ जून

चि. बारकीस,

चोवीस. तू ऑफिसात असशील म्हणून फोन केला नाही, शिवाय फोनवर माझा आवाज नीट निघाला नसता.

हे पत्र मुद्दाम लिहितोय. खांबावरून पडलो तेव्हा दवाखान्यात तू पायथ्याशी उभी राहून म्हणाली होतीस, "मी तुला उभा करीन." मी मनात म्हटलं होतं, पोरगी रडायचं टाळायला काहीतरी बोलतेय. चुकलो. तू केलंस. लहानपणी तुला वायर सोलायला मी शिकवलं, बोट कापून घेतलंस म्हणून आईची बोलणी मी खाल्ली, ते सगळं वसूल झालं.

आता वीस व्हायची वाट बघत नाही. चारानं काय बिघडतंय? सोमवारी साहेबांना लिहून देतो की खुर्ची नको, चाचणी घ्या. माझा जुना जोडीदार म्हणतो, तू चढलास की मी खाली पेढे वाटतो.

दादा

१६ जून

ती. दादास,

घाई करू नकोस. खुर्ची घे. वाईट काय आहे त्यात? वर्षभर बसून काम कर, पाय आणखी सुधारू देत, मग चाचणीचं बघू. साहेबांशी बोलून मुदत वाढवून मिळते का तेही विचार.

चोवीस म्हणजे तसं फार नाही. सूटमध्ये चालणं वेगळं आणि शिडी वेगळी. आकड्यावर एवढा भरवसा ठेवू नये. माझं ऐक ना, एवढं एकदा.

बारकी

२१ जून

बारके,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

बाकी सगळे म्हणाले असते तर ऐकून घेतलं असतं. तुझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं. तूच आकडा दिलास, तूच म्हणतेस त्यावर भरवसा ठेवू नकोस. म्हणजे यंत्रावर भरवसा आहे तुझा, भावावर नाही. की कंपनीला भीती वाटते, मी पडलो तर नाव खराब होईल?

सोमवारी लिहून दिलं. खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी देणार आहेत. चाचणी एक तारखेला, सकाळी दहाला, स्टोअरच्या मागच्या मैदानात.

दादा

३ जुलै

चि. बारकीस,

मागच्या पत्रात वाकडं बोललो. ते मनावर घेऊ नकोस. तुझंच बरोबर होतं.

सगळी गँग आली होती. कमरेला दोर बांधला होता, म्हणून लागलं काही नाही. पहिली पायरी हातांच्या जोरावर चढलो. दुसऱ्या पायरीला उजवा पाय उचलायला गेलो तर तो पहिल्या पायरीवरच. मी खाली बघतोय, पाय तिथेच. साहेब म्हणाले, "सावकाश, घाई नाही." किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग जोडीदारानं मला काखेत धरून पोत्यासारखं खाली उतरवलं, आणि खाली ठेवताना माझ्या कानात म्हणाला, "होतं रे असं." बावीस वर्षांत तो माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोललेला नाही.

बारके, मी भ्यालो. दुसरं काय असणार? शंभरातले शहात्तर माझे होते. म्हणजे पायात जोर होता. वर बघितलं, आणि पडलो तो दिवस आठवला असणार आणि पायांनी ऐकलं नाही. डॉक्टरांनी पाय बरे केले, तू बरे केलेस, आणि आतून मीच भित्रा निघालो. बावीस वर्षं लोक मला वाघ म्हणायचे. तुझ्या वहिनीला तोंड दाखवायची लाज वाटते. तीही समोर येत नाही, तिलाही वाटत असणार की कसल्या माणसाशी गाठ पडली.

तुझ्या एवढ्या मेहनतीची मी माती केली. रागावू नकोस.

दादा

६ जुलै

दादा,

तू भ्याला नाहीस.

हे वाक्य आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तू कागद फेकून देशील आणि तेवढं तरी वाचलेलं असावं. तू भ्याला नाहीस. तुझे पाय शहात्तर नव्हते. पडद्यावरचा आकडा खोटा होता. मी घातला होता.

एप्रिलच्या मध्यापासूनचे सगळे आकडे मी हातानं टाकले. पन्नास, एक्केचाळीस, तेहतीस, चोवीस, सगळे. प्रदर्शनात लोकांना दाखवायची एक सोय असते, ती वापरून. तू बिछान्यातून उठत नव्हतास. मला वाटलं, एकदाच खोटं दाखवू, तू चालायला लागलास की खरं करू. तू चाललास, आणि मग खरं दाखवायची माझी हिंमत झाली नाही. दर पंधरा दिवसांनी खरं कार्ड माझ्यासमोर असायचं आणि मी पुढचं खोटं तयार करायचे. पाय जड का वाटतात, असं तू विचारलंस तेव्हा तुझं शरीर तुला खरं सांगत होतं. मी त्यालाही खोटं पाडलं.

खुर्ची घे म्हणून लिहिलं, पण का घे ते लिहिलं नाही. मला वाटलं, एवढ्यावर भागेल, तू ऐकशील आणि मी सुटेन. चाचणीच्या आदल्या दिवशी मी फोन केला होता, आठवतं? सांगायलाच केला होता. तू म्हणालास, "उद्या सकाळी दहाला माझी आठवण काढ." आणि मी विचारलं, जेवलास का. तेवढंच विचारून ठेवला.

दोन दिवस झाले, डोळ्यांपुढून ते मैदान हलत नाही. तुला मी चार लोकांत तोंडघशी पाडलं, तुझी खुर्ची घालवली. आणि त्याहून वाईट म्हणजे तू स्वतःला भित्रा म्हणतोयस. ते मात्र मी म्हणू देणार नाही. याच्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही, सगळं माझं आहे.

आज आमच्या मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या पायांना नाही, तुमच्या मनाला मदत केलीत." माझं सूट घालणाऱ्यांबरोबरचं काम काढून घेतलंय. तुझा सूट पुढे कुणी बघायचा हे मात्र तू ठरवायचं, असं त्या म्हणाल्या. सोबत फॉर्म आहे. दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलंस तर मला समजेल. सूट परत पाठवलास तरी समजेल.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागते.

बारकी

१ ऑगस्ट

बारकीस,

पंचवीस दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते परत घेता आलं नसतं.

तुझं पत्र टपालातून आलं तेव्हा तुझ्या वहिनीनं पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि ते माझ्या हातात द्यायच्या आधीच सगळं बोलून मोकळी झाली. कुणी कुणाला काय लिहिलं, ते सगळं. तू लिहितेस की दुसऱ्या कुणाचा दोष नाही. माफीच्या पत्रातसुद्धा तुला एक खोटं घालावंसं वाटलं. तिला वाचवायला घातलंस, कळतं मला. पण मला वाचवायलाच तर मागचं सगळं घातलं होतंस ना?

घरात दोन बायका मिळून मला लहान मुलासारखं खेळवत होत्या, आणि मी टाळ्या पिटत होतो. तीन आठवडे तिच्याशी बोललो नाही. काल बोललो, कारण चहात साखर नव्हती. आजच्या दिवशी माफ केलंय असं लिहीत नाही, कारण केलेलं नाही.

एक काम कर. फेब्रुवारीपासूनचे खरे आकडे तुझ्या हातानं लिहून पाठव. छापलेले नकोत.

दादा

५ ऑगस्ट

ती. दादास,

प्रत्येक कार्डावरून पुन्हा काढले, एकेक तपासून.

फेब्रुवारी, बासष्ट. मार्च, बासष्ट. एप्रिलच्या सुरुवातीला बासष्ट, मग तू पडून होतास. एप्रिलअखेर एकसष्ट. मे महिन्यात आधी एकसष्ट, मग साठ. जूनच्या मध्याला एकोणसाठ. चाचणीच्या आदल्या आठवड्यात अठ्ठावन्न.

इतकंच आहे. याहून काही लपवलेलं नाही.

बारकी

१३ ऑगस्ट

चि. बारकीस,

कागद मिळाला. गेले चार दिवस शर्टाच्या खिशात आहे, घडीवर फाटायला आलाय.

बासष्टवरून अठ्ठावन्न. बोटांवर मोजलं, मग सायकलवाल्याकडूनही मोजून घेतलं. चार. शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येऊन, दोन्ही वेळा, पोटऱ्या भरून येईपर्यंत चालून मी चार मिळवले. आणि तू खाली लिहितेस, "इतकंच आहे."

मला राग कशाचा आहे ते आता कळलं. बासष्टचे चोवीस करून खोटे अडतीस दिलेस त्याचा आहेच, तो जाईल तेव्हा जाईल. पण माझे खरे चार माझ्यापासून लपवलेस, त्याचा जास्त आहे. एकोणसाठ झाला तो दिवस कुठला होता? मी त्या दिवशी काय करत होतो? तुझ्या चोवीसचं कौतुक करत बसलो असणार. बिछान्यात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला तू त्या वेळी सांगायला हवं होतंस की थांब, एक कमी होईल, वेळ लागेल. मी शिव्या दिल्या असत्या, आणखी आठ दिवस पडून राहिलो असतो. पण पहिला एक कमी झाला तेव्हा मी उठून नाचलो असतो, आणि तो नाच खरा असता.

खुर्ची गेली. साहेबांना भेटून आलो, सूट घालूनच गेलो. सध्या जागा नाही म्हणाले, झाली तर कळवतील. जोडीदारालाही खरं सांगितलं. तो आधी हसला, मग तुला शिव्या घातल्या, मग म्हणाला, म्हणजे अठ्ठावन्नच्या पायांवर तू शिडीची पहिली पायरी चढलास? ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

फॉर्मवर सही करून पाठवतोय. नाव तुझंच लिहिलंय. यात प्रेमाचा भाग नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. दुसरा कुणी असला तर त्याच्यावर मला विश्वास ठेवावा लागेल. तुझ्यावर ठेवायचा नाही, रोज तपासायचं, ते मला जमेल. प्रत्येक कार्डाबरोबर खरा आकडा तुझ्या अक्षरात लिहून पाठवायचा, पडद्याशी मी ताडून बघीन.

साहेबांकडे जाण्याआधी महिनाभर सूट घातला नव्हता. पाय पुन्हा आखडलेत. तेव्हा पुढचा आकडा अठ्ठावन्न नसणार, हे मला माहीत आहे. साठ असेल, पासष्टही असेल. जो असेल तो दाखव. वाढला तरी दाखव.

दादा